दोन महासागरांमधली सुरगाठ

कुवेतमधल्या राई नावाच्या वस्तीत, गॅरेजांच्या रांगेमागे, तंबू शिवण्याचा एक कारखाना होता. कुवेतचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे, त्यालाच तिथल्या हिवाळ्याचे मोल कळते. नोव्हेंबरात वारा जरा गार झाला की मंडळी पक्की घरे मागे टाकून वाळवंटात तंबू ठोकून राहतात आणि मार्च लागला की परततात. मग ते तंबू ट्रकांत भरून राईला येत, धुवायला, सांधायला, नव्याने शिवायला. आणि दर वर्षी, न चुकता, कारखान्यात एकाच माणसाच्या नावाने हाकाटी होई.

“रोहिलकर! ये इकडं. बघ तुझी करणी!”

हाक मारणारा अशरफ, दापोलीकडचा, कापड बेतणारा मुकादम. त्याच्या हातात तंबूच्या दोऱ्यांचा जुडगा असे आणि त्यातली एकूण एक दोरी सुरीने कापलेली असे.

“अरे, ही गाठ आहे की कुलूप? कुलूप तर कुलूप, किल्ली तरी द्यायची गिऱ्हाइकाला! मालक मला विचारतो, हा माणूस दोऱ्या खातो का?”

सारे हसत. सखाराम रोहिलकरही हसे, ओठांच्या एका कोपऱ्याने.

“तंबू उडाला का एक तरी? सहा वर्सांत?”

“उडाला नाही रे बाबा. मोडायचा कसा, ते सांग!”

यावर सखाराम तळहाताची चामड्याची पट्टी घट्ट करी, लांब सुई मेणावरून ओढी आणि खाली मान घालून पुन्हा टाके घालू लागे. त्याच्या हातून बांधली गेलेली प्रत्येक गोष्ट अशीच असे. डब्याची पिशवी बांधली तर ती दातांनी सोडावी लागे. खोलीत वाळत घालायची दोरी त्याने खिळ्याला बांधली होती. खोली रंगवायला माणसे आली तेव्हा त्यांनी खिळाच उपटला. सोबतचे लोक म्हणत, सखारामला गाठीचे वेड आहे. वेड नव्हते ते. ती भीती होती, आणि भीती बारा वर्षांची होती.

मराठीत गाठीच्या दोन जाती. निरगाठ ती, जी ओढली की आणखी आवळते. सुरगाठ ती, जिचे एक टोक ओढले की सारी गाठ पाण्यासारखी विरून जाते. सखाराम वेलदूरचा, वाशिष्ठीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या खारव्यांच्या गावचा. होडीत बसून ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या मुलाला अक्षराआधी सुरगाठ शिकवतात. जाळ्याची दोरी होडीच्या खुंटाला बांधायची ती सुरगाठीनेच, कारण जाळे कधी खडकात अडकते, कधी त्यात असे धूड सापडते की होडी कलंडू लागते. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. एक हिसका, की जाळे गेले आणि माणसे राहिली. सखारामचा बाप सांगे, “निरगाठ होडी बुडवते. सुरगाठ जाळं घालवते. जाळं काय, पावसाळ्यात बसून पुन्हा विणता येतं.” हा त्यांच्या घरचा मंत्र होता. मंत्र खरा होता. पण मंत्रालाही ठिकाण लागते. देवळातला दिवा गवताच्या गंजीत नेऊन ठेवला तर दोष दिव्याचा म्हणावा का?

त्या वर्षीच्या मार्चात, म्हणजे सन अठ्ठ्याण्णवच्या, कापलेल्या दोऱ्यांवरून हसून झाले त्याच आठवड्यात कारखान्याच्या पोस्टाच्या पेटीत सखारामच्या नावाचे पाकीट आले. अक्षर शाळकरी, गोल, रेषेवर नीट बसवलेले.

“तीर्थस्वरूप सखारामकाकांस रत्नमालाचा साष्टांग नमस्कार. आई सांगते ते लिहीत आहे. येत्या आषाढात बाबांना जाऊन बारा वर्षे पुरी होतील. भटजी म्हणाले की माणूस बारा वर्षे परत आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो, म्हणजे त्याची वाट मोकळी होते. आई म्हणते, बाबांना शेवटचे पाहणारे तुम्ही. तुम्ही विधी करा म्हणालात तर करू. थांबा म्हणालात तर आणखी थांबू. आषाढाच्या आत कळवावे. मी सहावीत आहे. मला गणित आवडते.”

सखारामने पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग ते खिशात ठेवून तो मशीनपाशी बसला. त्याची एक रीत होती. टाक्याला एक नाम. सुई आत जाताना ‘राम’, बाहेर येताना ‘कृष्ण’. दिवसाला हजारो टाके आणि हजारो नामे. या नामानेच त्याने परदेशातली सहा वर्षे शिवून काढली होती. त्या दिवशी सुई आत गेली आणि नाम आले नाही.

आता बारा वर्षांपूर्वीचे सांगितले पाहिजे.

सखाराम तेव्हा मालवाहू जहाजावर खलाशी होता. आपला आतेभाऊ बाळा याला त्यानेच खटपट करून त्याच जहाजावर चिकटवले होते. बाळा त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा, हलक्या अंगाचा, गाणारा. घरी बायको द्वारका, आणि पाळण्यात सहा महिन्यांची रत्नमाला. जहाजाचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता यूसुफ. तो खाडीच्या पलीकडच्या तीरावरचा, दाभोळचा. मधे पाणी पाव तासाचे. अलीकडचे दोघे, पलीकडचा एक. जगाच्या दुसऱ्या टोकालाही ते एकाच गावाचे असल्यासारखे राहत.

ते जहाज चिलीतून कच्चे लोखंड भरून युरोपला निघाले होते. पनामाच्या कालव्यात न मावणारे ते धूड, म्हणून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून जायचे. त्या टोकाच्या खाली, बर्फाच्या खंडाच्या वर, ड्रेकची सामुद्रधुनी आहे. पॅसिफिक आणि अटलांटिक हे दोन महासागर तिथे एकमेकांना भेटतात. आपल्याकडे दोन नद्या भेटल्या तर आपण तिथे देऊळ बांधतो, स्नान करतो, अस्थी सोडतो. हा संगम दोन महासागरांचा, पण तिथे घाट नाही, घंटा नाही, तीर दिसत नाही. वाऱ्याला अडवायला तिथे जमीनच नाही. तो पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालत सुटतो आणि त्याला गाभारा कधी सापडत नाही, म्हणून त्याचा आक्रोशही थांबत नाही. लाट उठते ती नारळाच्या झाडावर दुसरे झाड ठेवावे एवढी. आपल्याकडच्या आषाढात तिथे ऐन हिवाळा असतो.

त्या पाण्यात शिरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजाच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कोठाराचे झाकण सुटले. पाणी आत जाऊ लागले. झाकण आवळायला कोणीतरी जाणे भाग होते. कप्तानाने वेग उतरवला. यूसुफने बाळाला निवडले, कारण तो सर्वांत चपळ. बाळाच्या कमरेला जाड दोरी बांधली आणि तिचे दुसरे टोक सखारामने लोखंडी खुंटाला पक्के बांधले. निरगाठीने बांधले. हे त्याला आजही लख्ख आठवते. यूसुफने गाठ पाहिली आणि मान हलवली.

बाळा वाकत, सरपटत पुढे गेला. झाकणापाशी पोचला, पण दोरी दोन हात कमी पडली. तो मागे वळून ओरडला, “सख्यादादा, ढिली सोड!”

सखारामने निरगाठ सोडली. बोटे गारठून लाकडे झाली होती. दोन हात दोरी दिली आणि पुन्हा गाठ मारली. घाईत. आणि घाईत हात तेच करतो जे त्याला पहिल्यांदा शिकवलेले असते.

त्याने सुरगाठ मारली.

झाकण आवळले गेले. बाळाने हात वर केला. तेव्हाच बाजूने लाट चढली आणि सारे जहाज तिच्याखाली गेले. सखाराम कठड्याला मिठी मारून राहिला. पाणी उतरले तेव्हा त्याने आधी पुढे पाहिले नाही, खुंटाकडे पाहिले. खुंटावर काही नव्हते. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा खुंट स्वच्छ होता.

कप्तानाने दोन तास त्या पाण्यात चकरा मारल्या. मग जहाज अटलांटिकमध्ये उतरले आणि समुद्र शांत झाला, जणू काही झालेच नव्हते.

पावसाळा सरता सरता सखाराम गावी आला. बाळाच्या अंगणात सारी वाडी जमली होती. द्वारका दारात बसली होती, मांडीवर पोर. कंपनीचा कागद आधीच येऊन पडला होता, पण कागदावर कोण विश्वास ठेवतो? माणसाने डोळ्यांनी पाहिलेले खरे. ती म्हणाली, “भावोजी, तुमी व्हतात ना तिथं?” आणि वाडीच्या शंभर डोळ्यांसमोर सखाराम म्हणाला, “मी आत व्हतो. बघितलं न्हाय मी. त्या बाजूनं लय जहाजं जातात, कोणी उचललं पण असेल.”

एवढे एकच वाक्य. भीतीने काढलेले, काढताच परत घ्यावेसे वाटलेले. पण द्वारकेने ते दोन्ही हातांनी झेलले. त्या दिवसापासून तिने कपाळ पुसले नाही, हातातला हिरवा चुडा उतरवला नाही. दर नारळी पौर्णिमेला ती बाळाच्या नावाने एक नारळ समुद्राला देई आणि वर्षभर वाट पाही. सखारामने जहाज सोडले, समुद्र सोडला, आणि कुवेतची लढाई संपून माणसांची गरज निघाली तेव्हा तो इथे येऊन तंबू शिवू लागला. जिथे पाणी नाही अशी जागा त्याने मागितली होती. देवाने दिलीही. पण माणूस समुद्रापासून लांब जातो, स्वतःच्या हातांपासून किती लांब जाणार?

पत्र आले आणि एप्रिल गेला. मे आला, धुळीची वादळे सुरू झाली. भर दुपारी आकाश पिवळे होई, राईचे दुकानदार शटर ओढून घेत आणि कारखान्याचा पत्रा थरथरे. त्या आवाजात सखारामचा हात थांबे. अशरफ ओरडे, “काय रे, झोपलास काय?” तो म्हणे, “न्हाय. थकलोय.” हे खरे होते. दिवसभराच्या कामाचा थकवा झोपेने जातो. एकाच खोटेपणाला बारा वर्षे पाठीवर घेऊन उभे राहिल्याचा थकवा झोपेत अधिकच जड होतो.

रजा मागितली असती तर मिळाली नसती, गेल्याच वर्षी तो जाऊन आला होता. पण त्याने मागितलीही नाही. खरे तर, त्या रजेतही तो द्वारकेच्या अंगणात गेला नव्हता. खाऊची पिशवी शेजारच्या हाती पाठवून दिली होती.

यूसुफ आता कुवेतमध्येच होता. म्हातारपणी तो शहरातल्या बनेद अल-गार भागात एका इमारतीचा राखणदार झाला होता. दर शुक्रवारी नमाज आटोपून तो समुद्राकाठच्या कट्ट्यावर येई आणि सखाराम राईहून बसने येऊन त्याच्या शेजारी बसे. पाच वर्षांचा हा नेम. ते मासळीचे बोलत, दाभोळच्या तरीचे बोलत, यूसुफच्या गुडघ्यांचे बोलत. त्या दिवसाबद्दल ते कधीच बोलले नव्हते. दोघांच्या मधे तो दिवस भरल्या ताटासारखा असे आणि दोघेही हात लावत नसत.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी यूसुफ म्हणाला, “सख्या, माझं हे शेवटचं. बायको फोनवर रडते, म्हणते आता घरी या. पुढच्या बुधवारचं विमान हाय. परत येणार न्हाय मी.”

सखारामने खिशातून पत्र काढले आणि त्याच्या हाती दिले. यूसुफने चष्मा लावून, ओठ हलवत, सावकाश वाचले.

“मग? तू काय कळवलंस?”

“काय कळवू? थांब म्हटलं तर ती मरेपर्यंत थांबेल. कर म्हटलं तर विचारील, भावोजी, तुमाला कसं ठाऊक?”

“मग सांग कसं ठाऊक ते.”

सखाराम समुद्राकडे पाहत राहिला. पाणी कढत होते, हलत नव्हते. मग तो म्हणाला, “यूसुफभाय, सुरगाठ व्हती ती. पहिली निरगाठ मी सोडली. दुसरी सुरगाठ मारली.”

बारा वर्षांचे वाक्य दोन श्वासांत संपले. पलीकडे एक बाई मुलांना हाका मारत होती, आणि त्या हाकांशिवाय जगात काही बदलले नाही.

यूसुफने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला.

“मला ठाऊक हाय,” तो म्हणाला.

“काय?”

“मी बघितली व्हती. दुसरी पण बघितली. माझा हात तुझ्या खांद्यावर व्हता. बघायचं काम कोणाचं? सारंगाचं. मी बघितली, आणि माझ्या डोळ्यांना त्यात काय खुपलंच न्हाय. आमच्या होडीला पण तीच बांधतात ना रे! माझ्या बापानं पण मला तीच शिकवलीन. आपल्या घरची गाठ वाटली. डोळा तिच्यावरून निघून गेला. दुसऱ्या मुलखाचा सारंग असता ना, बंगाली असता, केरळचा असता, तर त्यानं तुझ्या मुस्काटात मारली असती आणि गाठ बदलली असती. आपण दोघं एका खाडीचे, त्याच्यात बाळा गेला.”

“पाच वर्सं तू माझ्या बाजूला बसलास. बोलला न्हायस.”

“तू तरी कुठं बोललास?”

आणि दोन थकलेली माणसे त्या कट्ट्यावर रडली नाहीत. रडायलाही अंगात काही शिल्लक असावे लागते.

शेवटी यूसुफ म्हणाला, “चिठ्ठी लिही. माझ्या हातात दे. मी देतो नेऊन.”

“तिला वाचता येत न्हाय. पोरगी वाचून दाखवणार. बाप कसा गेला ते तिच्या तोंडून वदवू?”

“मग कॅसेट भर.”

“कॅसेट तर सगळी वाडी ऐकते. ठाऊक हाय ना तुला? आखाताची कॅसेट आली की अंगणात टेप लावतात, गूळ-चणे वाटतात. माझी गेलेली आई पण तशीच लावायची.”

यूसुफने मान डोलावली आणि विचारले, “खोटं कुठं बोललास तू? एकटीला बोललास की वाडीसमोर?”

“वाडीसमोर,” सखाराम म्हणाला आणि परतताना कोरी कॅसेट घेऊन गेला.

पुढल्या मंगळवारी मालकाच्या घरचे कार्य म्हणून दुपारी कारखान्याला सुट्टी मिळाली. खोलीतले बाकीचे बाजाराला गेले. सखारामने आंघोळ केली, देवाच्या तसबिरीला उदबत्ती लावली आणि टेपची लाल कळ दाबली. आधी बराच वेळ नुसता पंखा फिरल्याचा आवाज भरला गेला. मग तो बोलू लागला.

“द्वारका, मी सखाराम. वाडीतल्या सगळ्यांना रामराम. ही कॅसेट सगळ्यांनी ऐका. मागे मी अंगणात बसून सांगितलं की मी आत व्हतो. मी आत नव्हतो. मी बाहेर व्हतो, बाळापासून पंचवीस-तीस हातांवर. दोरी मी बांधली व्हती.”

त्याने सारे सांगितले. झाकण सांगितले, गारठलेली बोटे सांगितली, ‘सख्यादादा, ढिली सोड’ ही हाक सांगितली. स्वतःसाठी एकही शब्द मागितला नाही, क्षमेचासुद्धा नाही. शेवटी म्हणाला, “विधी कर. तो परत यायचा न्हाय. त्या दिवशीच गेला. दोन समुद्र भेटतात तिथं गेला. काम पुरं करून गेला, झाकण लावलं म्हणून आमी बाकीचे जगलो. एवढंच.” कळ दाबली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. उदबत्ती केव्हाच विझली होती.

ती कॅसेट घेऊन यूसुफ गेला, आणि सखारामने त्याला पुन्हा पाहिले नाही ते नाहीच. त्याच वर्षी थंडीत तो दाभोळातच वारला.

आषाढ आला, आषाढ गेला. श्रावण लागला. कुवेतमध्ये श्रावण कॅलेंडरावर असतो, अंगावर असते ती आग. कोणाचे पत्र नाही, फोन नाही. सखाराम टाके घालत राहिला. नाम परत आले नव्हते. तो सुईबरोबर मनात नुसते मोजत राही, एक, दोन, एक, दोन.

गणपतीच्या सुमारास अशरफ रजेवरून परतला. आला तो चेष्टा न करता सरळ सखारामपाशी आला आणि त्याच्या मांडीवर एक कॅसेट ठेवली.

“वेलदूरहून तरीनं खाडी पार करून माझ्याकडं आली ती बाई. स्वतः. पोरगी घेऊन. म्हणाली, दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका.” मग तो म्हणाला, “कपाळ मोकळं व्हतं तिचं.”

शुक्रवारी खोली रिकामी झाल्यावर सखारामने ती लावली. आधी खरखर, मग एक कोवळा आवाज, “हॅलो, हॅलो... आई, चालू झालं. बोल.” मग दूर होत जाणारी पावले. आणि मग द्वारका.

“भावोजी, तुमची कॅसेट सगळ्यांनी ऐकली. चणे वाटले व्हते, कोणी खाल्ले न्हायत. संपली तशी यूसुफचाचा उभे राहिले. म्हणाले, गाठ त्यानं मारलीन, बघितली मी. दोघांचं पाप अर्धं अर्धं मांडा. म्हातारा माणूस, माझ्या पाया पडायला वाकला. मी वाकू दिलं न्हाय.

“विधी केला. पळसाची पानं रत्नमालाने आणि मी आणली. भटजींनी माणूस मांडला. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, ठाऊक हाय ना तुमाला? दरसाल समुद्राला देत व्हते तो नारळ मी ह्या वर्सी तिथं ठेवला. दोरीनं बांधायची वेळ आली तशी भटजी म्हणाले, गाठ कोण मारतंय? मी मारली. सुरगाठच मारली, भावोजी. मला दुसरी येत न्हाय. मी पण खारव्याचीच पोर. त्या जहाजावर माझा बाप असता, माझा भाऊ असता, तरी हीच गाठ पडली असती.

“म्हणून सांगते, गाठीचा राग न्हाय मला. गाठ तुमच्या हातानं मारली. पण माझी बारा वर्सं तुमच्या तोंडानं घेतली. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मेलेल्या माणसाचं कुंकू लावलं. पोरीला सांगितलं, बाबा येतील. दार कोणी वाजवलं की उठले. त्या उठण्याचा राग हाय मला. तो कॅसेटवर मावायचा न्हाय. तुमी मशीनला सांगितलंत, मला न्हाय. तोंडावर या. अंगणात बसा. मी काय काय बोलेन ते मला पण ठाऊक न्हाय. पण तुमी बसायचं, आणि ऐकायचं, आणि मी उठा म्हणेपर्यंत उठायचं न्हाय. या.”

इथे आवाज संपला. पुढे बराच वेळ वेलदूरची लाट ऐकू येत होती. कळ दाबायला पोरगी यायची राहिली असावी. सखारामने टेप बंद केला नाही. बारा वर्षांनी त्याने समुद्र कान उघडे ठेवून ऐकला.

सोमवारी तो कारखान्यात गेला. बाहेर पाठवायचा पहिला तंबू बांधून तयार होता. त्याने दोऱ्या हातात घेतल्या आणि हाताला जी यायची ती गाठ येऊ दिली. अशरफने जवळ येऊन टोक ओढले. गाठ सुटून दोरी त्याच्या हातात आली.

“अरे! ही तर उडेल वाऱ्यात.”

“तंबूला कोणती बांधायची ते गिऱ्हाईक ठरवील. दोन्ही दाखवीन. ही सोडायची, ही ठेवायची. आता विचारून बांधणार.”

मग हात पुसून तो मालकाच्या केबिनमध्ये गेला. मालक चांगला माणूस होता, पण रजेच्या अर्जांना विटलेला. आठवड्याला एकाची आई आजारी पडे, एकाच्या बहिणीचे लग्न निघे. त्याने वर न पाहता मोडक्या हिंदीत विचारले, “क्या हुआ? माँ बीमार?”

“माँ नहीं है,” सखाराम म्हणाला.

“शादी?”

“नहीं.”

“तो फिर? अभी सीझन आता है. मार्च में जाओ.”

मार्चपर्यंत सहा महिने होते. सखारामने मान हलवली. “मार्च ठीक है. लेकिन लिख के दो. पक्का.”

मालकाने आता पहिल्यांदा वर पाहिले. सहा वर्षांत या माणसाने काही लिहून मागितले नव्हते.

“इतना क्या काम है?”

बाहेर मशीन चालू होते, टाक्यामागून टाका पडत होता, आणि सखारामच्या ओठांना, त्यांचे त्यांनाच न कळता, जुनी लय सापडू पाहत होती.

“एक औरत का सुनना है,” तो म्हणाला. “बैठ के.”